समुद्राची दुरुस्ती

"आजपासून मराठवाड्यात एकही खोटा समुद्र राहणार न्हाई!" मुखेडला धुरपताबाईंच्या उंबऱ्यावर उभं राहून नरसिंग पेंटरनं जाहीर केलं.

"चपला बाहेर काढा," धुरपताबाई म्हणाल्या. "आत्ताच फरशी पुसलीय."

नरसिंगनं चपला काढल्या. तीस वर्षं त्यानं नांदेडात बसून समुद्र रंगवला. सायकलनं विष्णुपुरीच्या धरणावर जायचं, पाणी बघायचं, पलीकडचा काठ तेवढा काढायचा नाही, झाला समुद्र. कुणाची तक्रार नव्हती, कारण गिऱ्हाइकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. पेंटरनंही नव्हता. गेल्या आठवड्यात जावयानं हौसेनं रत्नागिरीला नेलं आणि घोटाळा झाला.

"अक्का, ते एका जागी थांबतच न्हाई हो! सारखं येतंय, सारखं जातंय. आन् मी तुमाला निजलेला समुद्र विकला."

तेव्हापासून त्याचाही डोळा लागला नव्हता. विकलेल्या चित्रांची यादी खिशात घेऊन तो लाटा काढत फिरत होता. सकाळी पहिल्या घरी चित्रामागं विजेचं मीटर निघालं. ते झाकायलाच चित्र टांगलं होतं, म्हणून घरच्यांनी हात लावू दिला नाही. दुसऱ्या घरी लाटा झाल्या, पण आता जेवताना गरगरतं म्हणाले.

धुरपताबाईंनी दिलेला चहा निवून गेला. नरसिंग भिंतीवरच्या चित्रापुढं स्टुलावर चढला, उतरला, परत चढला. पांढरा रंग पिळला. ब्रश चित्राला टेकणार, तोच धुरपताबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"लाटा कशाला?"

"समुद्र हाय म्हणून."

"कोण म्हणलं समुद्र? माझं माहेर विष्णुपुरीचं. लग्न होऊन इकडं आले, मग एवढं पाणी दिसलंच न्हाई. हे आमचंच पाणी हाय. दुकानात बघितलं तवाच वळखलं."

"पण खाली मी 'अरबी समुद्र' लिहिलंय की."

"मला कुठं वाचता येतंय?"

नरसिंग स्टुलावरच बसला. ब्रशवरचा पांढरा रंग पुसलेल्या फरशीवर ठिपकला. धुरपताबाईंचं लक्ष चित्राकडंच होतं.

"म्हंजे... काहीच चुकलं न्हाई म्हणता?" त्यानं हळूच विचारलं.

धुरपताबाईंनी चित्र वरपासून खालपर्यंत निरखलं.

"काळा रंग हाय का जवळ?"

"हाय की."

"मग ह्या कोपऱ्यात आमची म्हैस बसवून द्या. नुसतं डोकं वर दिसलं तरी चालंल."