वीणेचा पहारा

युवराज बॅगेसकट मांडवात शिरला, तेव्हा वीणा त्याच्या वडलांच्या, अण्णांच्या गळ्यात होती. सप्ताहाचा पाचवा दिवस. बुवांच्या कीर्तनाला अवकाश होता, नुसतं नाम चाललं होतं. सप्ताहातली वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकानं धरून उभं राहायचं, तो त्याचा पहारा. दुसरा आला की दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं आणि ती त्याच्या गळ्यात घालायची.

"शेख आला रं, शेख," जोतिबा टाळ थांबवून म्हणाला. दोघे-चौघे हसले. मग एकेक जण गप्प झाला.

कारण युवराज वर बघत होता. मांडव कसला, झाडांचीच सावली ती. करंज, जांभूळ, आवळा. भर चैत्रात अंगाला गार लागत होतं. ज्या डोंगरावर मेंढरंही टिकत नव्हती, त्याच्या पोटातून आता झरा वाहत होता. देवाची करणीच म्हणायची. युवराजनं बॅग खाली ठेवली.

तो मस्कतला निघाला, तेव्हा अण्णाच म्हणाले होते, "डोंगर हिरवा झाला की ये." बेळगुंदीच्या पुढची ही एवढीशी वाडी, तिची सगळी पोरं तिकडं राबली. रोपं, कुंपण, सोलरचा पंप, साऱ्याचे पैसे त्यांनी धाडले. दर रविवारी अण्णांचा फोन, "उन्हानं गेली रं झाडं. पुन्ना लावतोय." त्याच्या बायकोच्या, माधवीच्या फोनवरून फोटो यायचे. लाल माती आणि वाळक्या काड्या. ते बघून पोरं आणखी ओव्हरटाइम करायची. शेवटी युवराजच्यानं राहवेना. डोंगर हिरवा होवो न होवो, म्हणत नोकरी सोडून, कुणाला न सांगता तो कायमचा आला होता.

बायकांत बसलेल्या माधवीनं त्याला पाहिलं आणि मान खाली घातली.

तो अण्णांसमोर उभा राहिला. "कवापासनं जगलीत ही?"

अण्णांची बोटं तारेवर चालूच होती. "लई वर्सं झाली."

"आन फोटो?"

"खोटं न्हवतं. पलीकडच्या डोंगराचं हुतं. आता तिकडं रोपांसाठी खड्डं मारल्यात. ह्यो हिरवा झाला म्हणून सांगिटलं असतं, तर तुमी समदी आला असता."

"गावातल्या एकानंबी सांगू ने व्हय, अण्णा? हिनंबी?"

 

युवराजनं चपला काढल्या. झऱ्यावर हातपाय धुऊन आला. दोन्ही हात पुढं केले. "द्या. माझा पहारा."

अण्णांचे डोळे भरले. ते वीणा सावरत वाकले आणि रिवाजाप्रमाणे लेकाच्या पाया पडले. लेक त्यांच्या पाया पडला. मग मान लववून तसाच थांबला, गळ्यात वीणा पडायची वाट बघत.

वीणा आली नाही. अण्णांचा हात तेवढा डोक्यावर आला.

"पहारा असा सोडत न्हाईत, बाळा," ते म्हणाले. "तिकडं मस्कतला तुज्या जागी कोण उभा केलास?"