आबांच्या ओव्या

"पुण्यात कंपूटरवर पोट भरतो, आन् माझ्या बापाची एक ओवी त्यातनं काढता येईना व्हय?" पोळी लाटता लाटता गिताआत्या पुटपुटली. शेजारी बसलेल्या शंभूच्या कानावर ते बरोबर पडलं.

निमोण्यात आज रखमाजी आबांचं वर्षश्राद्ध होतं. मेंढरांमागं फिरत रचलेल्या त्यांच्या दोनशे ओव्या नातवानं, म्हणजे शंभूनंच, सहा वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या. आता आबा नव्हते, पाठ असणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि ते विकतचं सॉफ्टवेअर कंपनीनं दिलेली पेनड्राइव्हसारखी किल्ली कॉम्प्युटरला लावल्याशिवाय उघडत नव्हतं. किल्ली बिघडली होती आणि कंपनी कधीच बंद पडली होती.

तोंड लपवायला जागा नसली की माणूस भाषण करतो, तसं शंभूनं सुरू केलं. "म्हणून मी आता ओपन सोर्सच वापरतो, आत्या. आतलं सगळं उघडं असतं, कुणीही बघावं, दुरुस्त करावं. एकाच्याच हातात किल्ली ठेवली की असं होतं. सगळा दोष त्या कंपनीचा."

भावकीनं माना डोलावल्या, पण त्याच्याकडे कुणी बघेना. शेवटी आत्याच बोलली.

"कंपनी मागनं बुडाली रं, शंभू. त्याच्या आधी यवतचे हौसराव गुरुजी वही घेऊन आलते. आबा सांगाया बसलं बी हुतं. तवा 'आमच्या ओव्या कुणाला द्यायच्या न्हाईत' म्हणून तूच गुरुजींना दारातनं माघारी धाडलंस."