गवसणी

तान्ही चिऊ रडू लागली की भिंतीवरचं डल्सिमर आपोआप घुमायचं. "अगं, सूर जुळला की तारा बोलतात," नवरा आश्लेषाला समजवायचा. मांडीवर घेऊन वाजवायचं ते वाद्य त्याने अमेरिकेतल्या ॲशव्हिलच्या कारागिराकडून हौसेने बनवून घेतलेलं. तिच्या जिवाचं मात्र पाणी व्हायचं. शेवटी तिने डल्सिमरला गवसणी शिवली. आत मऊ अस्तर म्हणून आईने जुळ्यांसाठी पाठवलेल्या दोन गोधड्यांपैकी कोरी राहिलेली कापून घातली. चिऊची बहीण हॉस्पिटलातून घरी आलीच नव्हती. चेन ओढताच डल्सिमर गप्प झालं. चिऊ रडली तरी गप्पच. आज दुपारी बंद गवसणीतून पुन्हा तोच सूर घुमला. आश्लेषा क्रिबकडे धावली. चिऊ गाढ झोपलेली. गवसणी मांडीवर घेऊन, सूर विरेपर्यंत ती थोपटत बसली. "उठली का गं?" नवऱ्याने दारातून विचारलं. "हळू बोल. आत्ताच झोपल्यात दोघी."