कापलेली जागा

“तिथं काहीच नव्हतं, बाई,” कात्री पुन्हा म्हणाला.

ऑडिओबुकच्या स्टुडिओत त्याला सगळे कात्रीच म्हणत. वाचणाऱ्यांचे श्वास, खाकरणं, दोन वाक्यांमधली शांतता, त्याच्या तावडीतून काही सुटत नसे. धावपळीतल्या माणसाचं पुस्तक झटपट हातावेगळं व्हायला हवं ना! पुस्तक तो ऐकायचाच नाही. पडद्यावरची आवाजाची लाट सपाट झाली की उडवायची, एवढंच.

कादंबरी वाचणाऱ्या बाई आज मात्र हटून बसल्या होत्या.

“नवरा दारातून विचारतो, ‘बरी आहेस ना?’ ती गप्प राहते, मग ‘हो’ म्हणते. तुम्ही तिला लगेच ‘हो’ म्हणायला लावलंत!”

“मग? उत्तर तर तेच आहे.”

“एकदा ऐका तरी.”

काय कटकट आहे, असं पुटपुटत त्यानं मूळ रेकॉर्डिंग लावलं. प्रश्न आला, मग शांतता. त्याचा हात सवयीनं माऊसकडे गेला, तो बाईंनी अडवला. शांतता लांबतच गेली. मग एक अर्धवट श्वास, आणि ‘हो’.

कात्रीनं तेवढा तुकडा मागे नेऊन पुन्हा लावला. पुस्तकातली कुठली कोण बाई, तिचं आपल्याला काय? त्याला काही उमजेना.

जेवायच्या सुट्टीत त्यानं रोजच्यासारखा बायकोला फोन लावला. “बरी आहेस ना? चल, ठेवतो,” हे त्याचं रोजचं, एका दमात. त्यात तिचं ‘हो’ कुठे बसायचं? डोक्याला ताण देऊनही त्याला ते आठवेना. आठवत होता तो फक्त स्वतःचाच आवाज.

“बरी आहेस ना?” त्यानं विचारलं आणि पुढचं गिळलं.

पलीकडे काहीच नाही. रागावली असेल? की कामात असेल? बोलावं का आपण? त्यानं ओठ दाताखाली घट्ट धरले.

“हॅलो? फोन कट झाला का?”

“नाही. ऐकतोय.”

“ऐकतोयस?” ती गोंधळली. “काय झालं? तू बरा आहेस ना?”

‘हो’ म्हणायला त्यानं तोंड उघडलं, अर्धा श्वास घेतला आणि तिथंच अडकला.

तिनं फोन ठेवला नाही.