बारावा भाग

पिंडाला कावळा शिवेना.

पूर्णेच्या काठी ऊन चढलं होतं. समोरच्या बाभळीवर आठ-दहा कावळे बसले होते, पण एकही खाली उतरत नव्हता. आज शालिग्राम मास्तरांचा दहावा. जळगाव जामोदहून आलेली माणसं तासभर हात जोडून उभी होती.

मुलगा देवानंद पुढे झाला. "आबा, आईले मी अंतर देनार नाही."

कावळे ढिम्म.

"वावर इकनार नाही, आबा."

एक कावळा उडाला आणि दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. मग पुतण्यांनी, जावयांनी आपापले शब्द देऊन पाहिले. मेलेल्या माणसाला काय हवं होतं ते आपण दहाव्याला विचारत बसतो. तो जिवंत असताना कोणाला सुचत नाही. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "अजून दहा मिनिटं पाहू. नाही तं दर्भाचा कावळा करू," ते म्हणाले.

देवानंदची मुलगी हिमानी मागे बायकांमध्ये आजीचा, जनकाबाईंचा हात धरून उभी होती. आबांचं काय राहिलं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. पण इतक्या माणसांत ते सांगायचं कसं? राहिलं होतं एक जपानी कार्टून.

आबा अंथरुणाला खिळले तेव्हा तिनंच ती मालिका टीव्हीवर लावून दिली होती. एका बेटावर थकलेली माणसं राहतात आणि यंत्रमानव त्यांची सेवा करतात. माणसं एकेक करून मरतात. यंत्रांना मरण म्हणजे काय ते माहीत नसतं, म्हणून त्यांना सांगितलं जातं, माणूस पलीकडच्या बेटावर गेला. हारू नावाचा यंत्रमानव रोज धक्क्यावर जाऊन परतीच्या बोटीची वाट पाहत बसतो. खालची हिंदी अक्षरं आबा चष्मा सरसावून वाचायचे. "चाल, पुढचा अध्याय लाव," म्हणायचे. पोथी ऐकावी तशा भक्तीनं त्यांनी अकरा भाग पाहिले.

बारावा भाग शेवटचा. हिमानीनं तो आधी एकटीनं पाहिला. त्यात हारूचा मालकच मरणाला टेकतो.

घरात तर आबांपासून सगळंच लपवलेलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला होता. गाडी घरी येईपर्यंत त्याची कावीळ झाली. रिपोर्ट कपाटात गेले आणि कपाटाची किल्ली देवानंदच्या खिशात. झाकली मूठ ठेवायची असं मोठ्यांनी ठरवलं आणि हिमानीलाही तसं बजावलं. मग हा भाग आबांना दाखवायचा कसा? ती म्हणाली, "शेवटचा भाग अजून आला नाही, आबा."

तेव्हापासून ते रोज विचारत, "आला का वं भाग?"

"नाही, आबा."

गेले त्या सकाळीही त्यांनी विचारलं. आवाज उरला नव्हता, नुसते ओठ हलले. तिनं मान हलवली, नाही म्हणून. त्यानंतर दहा दिवस तिला धड जेवण गेलं नव्हतं.

हिमानीनं आजीचा हात सोडला आणि ती सरळ पिंडापाशी गेली. गुरुजींनी मान वर केली.

"आबा, भाग आला होता. मी खोटं बोलली. हारूले सारं समजते, आबा. त्याचा मालकच त्याले सांगते का पलीकडं बेट नाही, मी मरून राह्यलो, आता तू वाट पाहू नको. मंग दोघं धक्क्यावर संगं बसून राह्यते. आबा, तुमाले कावीळ नव्हती. कॅन्सर होता. मले मालूम होतं. मी तुमाले सांगतलं नाही."

चार महिन्यांत तो शब्द त्या घरातल्या कोणी मोठ्यानं उच्चारला नव्हता. देवानंदनं मान खाली घातली. हिमानी ओंजळीत तोंड लपवून रडू लागली, लहान पोर रडते तशी.

बाभळीवरून एक कावळा उतरला. दोन उड्या मारत आला आणि त्यानं पिंडाला चोच लावली.

"शिवला, शिवला!" माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "कार्टूनात जीव अटकला होता मास्तरचा," एक जावई म्हणाला, आणि सगळे आंघोळीला नदीकडे वळले.

हिमानी वाळूतच बसून राहिली. जनकाबाई गुडघ्यावर हात टेकत तिच्याजवळ येऊन बसल्या.

"आजी, त्यायचा एक भाग पाहाचा राह्यला. माह्यामुळं."

"नाही राह्यला," जनकाबाई म्हणाल्या. "तू कॉलेजात गेली होती. त्यायनं सांगतलं तिथं मी बटन दाबलं. गणिताचे मास्तर होते ते. टीव्हीवर बाराचा आकडा दिसत नव्हता का त्यायले? अन् कावीळ नाही, हे बी त्यायले कवाचंच मालूम होतं."

हिमानी आजीकडे वळली. "मंग मले रोज काऊन विचारत?"

जनकाबाईंनी पदरानं नातीचं तोंड पुसलं.

"मी म्हनलं, पोरीले सांगून टाका. तं म्हने, तिची तिले सांगू दे, मी विचारत राह्यतो. त्यायले भाग नव्हता पाहाचा, बाई. एकदा तुह्यासंग रडाचं होतं."