संघमित्राची केटी

“फक्त सही पाहिजे,” तेजस्वी म्हणाली आणि तिने अर्ज पुढे सरकवला.

परळच्या त्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला वरच्या वर्गातला एक सोबती नेमून देत. कॉलेज सोडायचं तर अर्जावर आधी त्या सोबत्याची सही लागे. तेजस्वीची सोबती होती तिसऱ्या वर्षाची संघमित्रा, घोडपदेवच्या चाळीत राहणारी. दोन महिन्यांत दोघींची ही पहिलीच धड भेट, आणि तीही निरोपाची.

तेजस्वीने कारण लपवलं नाही. ती शीव कोळीवाड्याची, पालिकेच्या मराठी शाळेत शिकलेली. इथे सगळं इंग्रजीत, सगळं डोक्यावरून जाणारं. चाचणीत वीसपैकी दोन मिळाले. आई, तुळसा, बाजारात मासळी विकते आणि तिचे गुडघे आता साथ देत नाहीत. वर्गात नुसती मान हलवण्यापेक्षा आईच्या जागेवर जाऊन बसलेलं काय वाईट? हे सगळं खरंच होतं, त्यामुळे खोडून काढायला अवघड होतं.

संघमित्राने ते खोडलंच नाही. तिने अर्ज नीट वाचला, घडी घातली आणि आपल्या वहीत ठेवला.

“सही करते गं. पण माझी पहिल्या वर्षाची इकॉनॉमिक्सची केटी राहिलीय. सर काय शिकवतात ते मला रोज सांगशील? परीक्षा झाली की जा.”

तिसऱ्या वर्षाला आली तरी पहिल्या वर्षाच्या विषयात नापास! तेजस्वीला तिची कीव आली. त्या भरात ती हो म्हणून बसली.

मग रोज तासाला बसणं आलं. दुसऱ्याला सांगायचं म्हणजे कान देऊन ऐकणं आलं, अडलेला शब्द मोबाइलवर शोधणं आलं. दुपारी लायब्ररीच्या जिन्यात संघमित्रा वही उघडून बसायची आणि तिच्या डोक्यात काही म्हणता काही शिरायचं नाही. अशी ढ मुलगी तेजस्वीने जन्मात पाहिली नव्हती. मागणी आणि पुरवठा तीनदा समजावला, तरी ही आपली विचारतेच, म्हणजे काय गं?

चौथ्यांदा तेजस्वीने पुस्तक मिटलं.

“हे बघ. सकाळी पापलेट थोडं नि गिऱ्हाईक जास्त. तेव्हा आय भाव सोडत नाय. संध्याकाळी बर्फ वितळला, की तीच आय हाका मारून स्वस्तात वाटा देते. कळलं?”

संघमित्राला एकदाचं कळलं. पुस्तकातली ती आकृती तेजस्वीलाही त्याच दिवशी कळली, पण शिष्येला हे कशाला सांगा? तिने ते आपल्यापाशीच ठेवलं.

हळूहळू घरीही चौकशी होऊ लागली, तुझ्या त्या पोरीला जमतंय का म्हणून. एकदा तेजस्वी बाजारात थांबते म्हणाली, तर गुडघे चोळत बसलेल्या तुळसानेच तिला पिटाळलं. पोर बिचारी जिन्यात वाट बघत असेल, म्हणाली.

जूनमध्ये निकाल लागला. तेजस्वी सगळ्या विषयांत पास झाली. पण त्याचा आनंद करायचं सोडून ती नोटीस बोर्डावरच्या केटीच्या यादीत बोट फिरवत होती. पास झालेल्यांत संघमित्राचं नाव नव्हतं. पुन्हा पाहिलं, तरी नव्हतं. आपणच शिकवण्यात कमी पडलो असं वाटून तिला तिथेच रडू फुटलं.

शिपाई जगदीशकाकांनी तिला ऑफिसात नेऊन पाणी दिलं. काय झालं ते ऐकलं आणि भिंतीवरच्या फलकाकडे बोट केलं. पहिलं वर्ष, इकॉनॉमिक्समध्ये प्रथम. वर्ष, तेजस्वी यायच्या दोन वर्षं आधीचं. नाव, संघमित्राचं.

“तिला कसली केटी?” काका म्हणाले. “तुझ्या आधी एकाकडून अकाउंट्स शिकत होती. तोपण सोडून चालला होता.”

ज्या विषयात आपण पहिले आलो, त्यातच वर्षभर ढ म्हणवून घ्यायला मोठं मन लागतं.  आपला अर्ज अजून संघमित्राच्या वहीतच आहे, हे तेजस्वीला आत्ता आठवलं.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या वर्षाच्या तेजस्वीसमोर लालबागची प्रिती येऊन उभी राहिली. मान खाली, हातात अर्ज. फक्त सही पाहिजे, म्हणाली.

तेजस्वीने अर्ज नीट वाचला, घडी घातली आणि वहीत ठेवला.

“सही करते गं. पण माझी इकॉनॉमिक्सची केटी राहिलीय.”