हौसाचं माहेर

"हौसाबाईच्या माहेरचं लुगडं कुठाय?" तिरडी बांधणाऱ्यानं विचारलं. ते अंगावर टाकल्याशिवाय बाईला उचलत नाहीत, आणि हौसाच्या माहेरी आता कुणीच उरलं नव्हतं.

"म्या आणलंय," कुंपणाबाहेरून चंद्रकला म्हणाली.

अंगणातल्या माना तिच्याकडं वळल्या. दोघी जन्मभर एकाच वावरात खुरपायच्या, पण चंद्रकला बौद्धवाड्यातली. बांधावर तिच्या डब्यातलं सुकटीचं कालवण भाकरीनं पुसून खाताना हौसा म्हणायची, "माझं माहेर तूच गं."

भावकीतला म्हातारा पुढं आला. "हिचं लुगडं कशापायी? हौसा हिच्या हातचं खात होती का काय?"

हौसाचा लेक खाली बघत राहिला. लहानपणी तोही त्याच डब्यातून जेवला होता.

चंद्रकलाला कळलं, 'हो' म्हटलं तर लुगडं परत येईल आणि मेलेल्या हौसाला गाव नावं ठेवील.

"न्हाई जी," ती म्हणाली. "लई शिवाशिव पाळायची. पाणीसुदीक लांबनंच वतायची माझ्या वंजळीत."

म्हाताऱ्याचं समाधान झालं. लेकानं तिला लुगडं लांबच खाली ठेवायला लावलं, त्यावर गोमूत्र शिंपडलं आणि मग आईच्या अंगावर पांघरलं.

दुसऱ्या दिवशी बांधावर चंद्रकलानं डबा सोडला. सवयीनं भाकरी मोडली आणि अर्धी समोरच्या रिकाम्या जागेकडं धरली.

"खोटं बोलले गं," ती म्हणाली. "रागानं उपाशी राहू नगंस."